जुन्या खिडकीचा नंदी: तान्हा पोळ्यासाठी घरी केलेलं काम

तान्हा पोळ्यासाठी लाकडी नंदी घरी करायचा असेल तर सुतारकाम यायलाच हवं असं नाही. जूनपासूनचे शनिवार-रविवार मात्र राखून ठेवावे लागतात. मी नोकरी करते, घरात सहा वर्षांची लेक आहे आणि यापूर्वी करवत मी कधी हातात धरली नव्हती. २३ ऑगस्ट २०२५ला लेकीने जो नंदी ओढला तो आमच्या गच्चीवर तयार झाला. त्याचं अंग जुन्या खिडकीच्या चौकटीचं, आस खिडकीच्या गजांचे, शिंगं छत्रीच्या मुठींची आणि झूल सासूबाईंच्या विरलेल्या लुगड्याच्या काठाची. काम सुरू केलं तेव्हा कोणाला काय विचारायचं, कोणत्या कामाला किती दिवस जातात, लहान मुलाच्या हाती देताना काय जपायचं, हे एका जागी सांगणारं कोणी भेटलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुलं तोरणाखाली आणतात, मग घरोघरी नेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असं नागपुरात सांगतात. त्याच दिवशी शहरात मारबतीची, म्हणजे रोगराई आणि वाईट शक्तींच्या पुतळ्यांची, मिरवणूक असते, त्यामुळे इतवारी आणि महाल या जुन्या वस्त्यांकडे पाय ठेवायला जागा नसते.

खिडकी मिळाली ती मामांच्या महालातल्या घराची. ते घर जूनमध्ये पाडायचं ठरलं होतं. ८ जूनला मी मामांना विचारलं, "एक खिडकी मला ठेवाल का?" मामा म्हणाले, "अवं, मी तर देईन, पण लाकूड आता माझं कुठं राहिलं?" घर पाडायचा ठेका देताना करारातच लिहिलेलं असतं की दारं, खिडक्या, तुळया, लोखंड सगळं ठेकेदाराचं. त्याच्या बदल्यात तो पाडकामाचे पैसे कमी लावतो. तुमच्या घरी किंवा नात्यात कोणाकडे पाडकाम निघणार असेल तर करारावर सही होण्याआधीच हव्या त्या वस्तू लिहून वगळून घ्या. सही झाल्यावर मालकालाही त्या विकत घ्याव्या लागतात. ठेकेदाराने दोन हजार सांगितले, शेवटी चौदाशेला दिली. मी त्याच्याकडून "जुनी सागवानी खिडकी, घर पाडकामातून" अशी तारीख घातलेली चिठ्ठी लिहून घेतली. ती चिठ्ठी पुढे फार उपयोगी पडली.

खिडकी साधारण चार फूट बाय तीन फूट. चौकट चार बाय तीन इंचांची, आत भरीव फळ्यांच्या झडपा आणि मध्ये बारा मिलिमीटरचे गोल गज. चौकटीतच एक घनफुटाहून जास्त लाकूड भरतं. १४ जूनला ऑटोत तिरकी घालून घरी आणली, अडीचशे रुपये लागले. आणल्यावर तिला आठवडाभर नुसतं आतल्या खोलीत उभं ठेवलं. जुनं लाकूड उन्हा-पावसातून आलेलं असतं, त्याला घरातल्या हवेची सवय होऊ द्यावी लागते, नाहीतर चिकटवल्यावर सांधे उघडतात.

आता परवानगीबद्दल. आम्ही फ्लॅट स्कीममध्ये राहतो. बाल्कनीत करवत चालवणं शक्य नव्हतं, म्हणून गच्चीसाठी सोसायटीकडे अर्ज केला. अर्जात काय काम, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती आठवडे, हे लिहिलं. सचिव काका म्हणाले, अर्ज महिन्याच्या बैठकीतच ठेवता येईल, आणि बैठक ६ जुलैला. तीन आठवडे थांबणं आलं. तिसऱ्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. त्याच्या आईला काळजी होती, आणि ती रास्त होती. मी बैठकीआधी तिच्या घरी जाऊन बाळ कधी झोपतं ते विचारलं आणि त्याप्रमाणे अर्जातल्या वेळा बदलून दिल्या. मंजुरी आली ती अशी: शनिवार-रविवारी सकाळी दहा ते एक, मशीन रोज एका तासापेक्षा जास्त नाही, वीज सोसायटीच्या मीटरवरून घ्यायची नाही, काम झालं की गच्ची झाडून द्यायची. वीज आमच्या फ्लॅटमधून लांब एक्स्टेन्शनने घेतली. अर्ज देणार असाल तर असे तपशील आधीच लिहा, बैठकीत प्रश्न कमी येतात.

मंजुरीची वाट बघत असताना जे काम केलं ते आवाजाचं नव्हतं, पण सगळ्यांत महत्त्वाचं होतं. खिडकीला हिरव्या ऑइल पेंटचे थरावर थर होते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर चालणार नाही हा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याच्या कितीतरी आधीचा हा रंग. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं आणि मुलांना ते धुळीतून, तोंडात जाणाऱ्या हातांतून मिळतं. म्हणून जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरने कधीही घासू नका आणि गरम हवेच्या गननेही जाळू नका. ही एक गोष्ट बाकी सगळं विसरलात तरी लक्षात ठेवा.

मी रंग काढायचं जेल वापरलं. बाल्कनीत प्लॅस्टिक अंथरलं, हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क, सगळी दारं उघडी, आणि लेक त्या वेळी आजीबरोबर खाली बागेत. जेल लावून थांबायचं, रंग फुगून आला की पत्रीने खरवडायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं. वास उग्र असतो, डोकं चढतं, एका बैठकीत फार वेळ करू नये. निघालेला रंग ओला असतानाच जाड पिशवीत बांधला, वर चिठ्ठी चिकटवून कचरा नेणाऱ्या गाडीत वेगळा दिला. या कामात घातलेले कपडे वेगळे धुतले. या कामात जूनचे उरलेले रविवार गेले. पण हिरव्या थराखालून साग दिसायला लागला तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच्यावरून नुसता हात फिरवत बसले. इतक्या वर्षांनी त्या लाकडाला अजून तेलकट वास होता.

नंतर खिळे. बिजागऱ्या आणि कडी-कोयंडे स्क्रूचे होते, ते निघाले. गंजून आत तुटलेले खिळे मात्र दिसत नाहीत. फ्रीजवरचं जुनं चुंबक लाकडावरून इंच इंच फिरवून जिथे ओढ लागेल तिथे खडूने गोल केला, आणि पटाशीने आजूबाजूचं लाकूड कोरून जंबूरने खिळा ओढला. चौकटीचे मूळ सांधे खिळ्यांचे नव्हतेच. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत आणि वरून आरपार लाकडी खुंटी. खुंटी उलट्या बाजूने ठोकली की चौकट आपोआप सुटते.

१२ जुलैला सुटी झालेली लाकडं घेऊन लकडगंजला, नागपुरातल्या लाकडाच्या बाजारात, गेले. मेट्रोने जायचं तर टेलिफोन एक्स्चेंज स्टेशन जवळ पडतं, पण लाकडं होती म्हणून ऑटोच केला. तिथे आरा मशीन भरपूर आहेत, तरी जुनं लाकूड पाहिलं की बरेच जण हात वर करतात. एक खिळा राहिला तर पातं जातं. ज्यांनी घेतलं त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, "खिळा तर नाही ना ताई?" दुसरी, "लाकूड कुठचं?" आरा मशीनला वनविभागाचा परवाना लागतो आणि आलेल्या लाकडाचा हिशेब ठेवावा लागतो, सागाच्या बाबतीत तर ते काटेकोर असतात. ठेकेदाराची चिठ्ठी इथे कामी आली. त्यांनी वहीत नोंद केली आणि चिठ्ठी परत दिली. रंध्याच्या मशीनवर चारी बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर काढून घेतले, म्हणजे रंगाचा उरलासुरला अंशही गेला. मशीनवरचे काका म्हणाले, "असं लाकूड आता भेटत नाही जी. पण धार खाते हे, सागात वाळूसारखं असते काहीतरी." त्यांचं खरं आहे, सागात सिलिका असते आणि हत्यारं लवकर बोथट होतात. चिरणावळ आणि रंधा मिळून तीनशे रुपये.

आकार काढताना मी आमच्याकडच्या गवळाऊ बैलाचा आधार घेतला. वर्धा-नागपूर भागातली ही जात पांढरी, हलक्या अंगाची, डोकं लांबट-अरुंद आणि शिंगं आखूड, बोथट, किंचित मागे झुकलेली. मुलांच्या खेळण्याला बोथट शिंगांचा बैल चांगलाच. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर खऱ्या मापात बैलाची एक बाजू काढली: अंग सोळा इंच, वशिंडापर्यंतची उंची साधारण पंधरा. चित्र पुरतं मनासारखं झाल्याशिवाय लाकडाला हात लावला नाही. कागद पुसता येतो.

अंगासाठी चौकटीचे सोळा-सोळा इंचांचे चार तुकडे, दोनावर दोन असे चिकटवले. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी सहसा लागत नाही, पण त्याच तेलामुळे गोंदही धरत नाही. चिकटवण्याच्या अगदी आधी दोन्ही पृष्ठभाग थिनरच्या फडक्याने पुसायचे, वाळले की लगेच फेविकॉल लावायचं. क्लॅम्प विकत घेतले असते तर खर्च वाढला असता. सायकलच्या दुकानातून पंक्चर ट्यूब मागून आणल्या, त्यांच्या लांब पट्ट्या कापल्या आणि ताणून ताणून गुंडाळल्या. रबर सगळीकडून सारखं दाबतं. जुलैत पाऊस लागून राहिला होता, म्हणून एका रात्रीवर समाधान न मानता पुढच्या शनिवारपर्यंत तसंच ठेवलं.

आणि मग घडवणं. हे काम मला सगळ्यांत प्रिय झालं. पावसाळ्यात कूलर रिकामा असतो, त्याचा लोखंडी स्टँड गच्चीवर नेला, वर जाड फळी बांधली आणि तेच माझं टेबल. कागदाचा आकार लाकडावर उतरवला, करवतीने नको असलेले कोपरे कापले, मग पटाशी आणि लाकडाची मोठी कानस. पहिले काही तास लाकडाच्या ठोकळ्यात बैल कुठेच दिसत नाही. धीर सुटतो. अशा वेळी एका बाजूवरच अडून न बसता ठोकळा फिरवत राहावा, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काढावं. वशिंड आधी काढा, मग मानेचा उतार, मग पाठ, पोट सगळ्यांत शेवटी. रेषेच्या उलट पटाशी लावली तर लाकूड चिरत आत जातं, हे हाताला हळूहळू कळायला लागतं. वशिंडाची गोलाई उजव्या हाताच्या तळव्यात नीट बसली त्या रविवारी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा खाली चहा घेऊन बोलवत होता आणि मला उत्तर देता येईना.

सागाची धूळ नाका-घशाला झोंबते, काहींना अंगावर पुरळ येतं. मास्क लागतोच. काम झाल्यावर झाडण्याआधी फरशीवर पाणी शिंपडावं.

डोकं वेगळ्या तुकड्यातून केलं, पाय झडपेच्या उभ्या पट्ट्यांतून. पायांत लाकडाच्या रेषा उभ्याच यायला हव्यात. आडव्या आल्या तर पाय पहिल्या आपटण्यातच मोडतो. पाय आणि मान अंगाला जोडायला लाकडी खुंट्या वापरल्या. खुंट्या आणि चाकं इतवारीतल्या खरादीवाल्याकडून करून आणली. लाटणी-पोळपाट करणारे हे कारागीर. झडपेच्या जाड फळीतून चार चाकं आणि उरल्या लाकडाच्या खुंट्या, सगळे मिळून दोनशे रुपये. चाकांचा आस म्हणजे खिडकीचा गज, हॅकसॉने कापलेला. गज थेट लाकडात फिरला तर भोक झिजून चाक डगमगतं. इथे एक युक्ती सापडली. नळकामातून उरलेल्या अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास जवळजवळ सोळा मिलिमीटर असतो आणि आतून बारा मिलिमीटरचा गज सैलसर जातो. चाकात सोळाच्या ड्रिलने भोक पाडून पाइपचा तुकडा ठोकून बसवला. टोकांना वॉशर आणि पिना. चाकांच्या कडेला सायकल ट्यूबचीच पट्टी चिकटवली, त्यामुळे सिमेंटच्या रस्त्यावर खडखडाट होत नाही.

शिंगांचा विचार बरेच दिवस चालला. सरळ लाकडातून वळणदार शिंग कोरलं तर वळणाच्या जागी रेषा आडव्या येतात आणि तिथेच ते तुटतं. महालात पावसाळ्यात रस्त्याकडेला छत्र्या दुरुस्त करणारे बसतात. त्यांच्याकडे जुन्या लांब छत्र्यांच्या वाकवलेल्या लाकडी मुठी असतात. वाफ देऊन वाकवलेल्या त्या मुठीत रेषा वळणाबरोबर वळलेल्या असतात. एकसारख्या दोन मुठी तीस-तीस रुपयांना मिळाल्या. त्यांचं वळणाचं टोक हवं तेवढं कापलं, शेंडे गोल केले. "शिंगं करायला पाहिजे," असं सांगितल्यावर दुरुस्तीवाले भाऊ स्वतः चार मुठी जुळवून बघत बसले आणि त्यांनीच जोडी निवडून दिली.

९ ऑगस्टला राखी होती, तो शनिवार गेला. १५ ऑगस्टची सुट्टी शुक्रवारी आल्याने सलग तीन दिवस मिळाले, ते पॉलिशला ठेवले. तेलपेंट नको होता. लाखेचं पॉलिश निवडलं. लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळते, आणि स्पिरिट उडून गेल्यावर मागे राहतो तो थर मुलांच्या हातात द्यायला निर्धोक असतो. लाखेचे चपटे तुकडे स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचे, गाळायचे आणि सुती कापडाच्या बोळ्याने पातळ थर द्यायचे. हवा दमट असेल तर पॉलिश पांढुरकं पडतं, म्हणून ऊन पडेल तेव्हाच हात लावला. पाऊस आला की काम बंद. स्पिरिट पेटतं, देवघरातला दिवा आणि गॅस या दोन्हींपासून लांब बसावं.

लेकीला नंदी पांढरा हवा होता. मला लाकडाच्या रेषा झाकायच्या नव्हत्या. शेवटी डोळे आणि खूर तिने रंगवायचे असं ठरलं, तेही शिसं नसल्याचं डब्यावर लिहिलेल्या रंगाने. तिने काढलेले डोळे जरा मोठे आहेत आणि मला ते फार आवडतात. झूल सासूबाईंनी शिवली. लाल काठाला कडेने गोंडे, गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर बेगड. मठाटी, म्हणजे बैलाच्या डोक्यावरचा साज, कशी बांधतात हे त्यांनी मला आणि लेकीला शेजारी बसवून दाखवलं, आणि त्यांच्या लहानपणी म्हणायच्या झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, त्याही म्हणून दाखवल्या.

वस्तीतल्या मंडळाच्या तान्हा पोळ्यात नंदी आणायचा तर नाव आधी नोंदवावं लागतं, हे बऱ्याच नव्या लोकांना माहीत नसतं. फॉर्म फुकट होता, पण मुलांचे गट वयावर असल्यामुळे आधारची किंवा जन्मदाखल्याची झेरॉक्स आणि नंदीची उंची लिहून द्यावी लागली. मुदत २० ऑगस्टपर्यंत. नंबराचा कागदी बिल्ला मिळतो, तो झुलीला टाचणीने न लावता दोऱ्याने बांधा, टाचणी मुलांच्या हाताला लागते.

२३ तारखेला संध्याकाळी तोरणाखाली मुलांची गर्दी होती. कोणाचा नंदी आजोबांपासून चालत आलेला, कोणाचा बाजारातून नवा. आमचा चालला. खड्ड्यात अडकला तरी उलटला नाही. पायांखालची चाकांची पाटली रुंद घेतल्याचा फायदा. मामाही आले होते. त्यांनी झूल बाजूला करून लाकूड बघितलं, चौकटीतल्या खुंटीचं जुनं भोक नंदीच्या पोटाजवळ राहिलं आहे ते बोटाने चाचपलं आणि लेकीच्या हातात बोजाऱ्याचे पैसे ठेवले.

खर्चाचा हिशेब देते. खिडकी १,४००, घरी आणायचा ऑटो २५०, आरा मशीन ३००, रंग काढायचं जेल २६०, खरादी २००, कानस २२०, सोळाचं ड्रिल बिट १५०, फेविकॉल १९०, पॉलिश पेपर १२०, लाख आणि स्पिरिट ३३०, मुठी ६०, वॉशर-पिना ४०. एकूण ३,५२० रुपये, लकडगंजच्या जाण्या-येण्याचं भाडं वेगळं. करवत, पटाशी आणि ड्रिल मशीन ओळखीतून मागून आणलं. विकत घ्यायचं ठरवलंत तर खर्च बराच वाढेल, म्हणून आधी चार घरी विचारा. बहुतेक ड्रिल मशीन वर्षभर कपाटात पडलेली असतात. जवळ खिडकी नसेल तर लकडगंजमध्ये जुन्या लाकडाचे तुकडेही विकत मिळतात, मात्र तेही रंगाचे असतील तर वर सांगितलेली काळजी घ्याच.

नंदी आता झुलीशिवाय सुती कापडात गुंडाळून ठेवला आहे. लाखेच्या पॉलिशवर गरम पाणी किंवा सॅनिटायझर पडलं की डाग पडतो, तेव्हा नुसत्या कोरड्या फडक्याने पुसावा. झडपेच्या दोन फळ्या उरल्या आहेत, शेजारच्या बाळासाठी त्यातून लहान नंदी निघेल असं माप घेऊन ठेवलं आहे. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ येतो, त्यामुळे पोळा सप्टेंबरात जाईल आणि २०२५पेक्षा जवळजवळ तीन आठवडे जास्त हाती असतील. सोसायटीचा अर्ज मात्र मी मेच्या बैठकीतच देणार आहे.